विश्वाला शेजारी नाही, असं तू म्हणायचास

रशीद,

तुला ठेवलं त्या जागेची चतुःसीमा मी सवयीनं मनात लिहून घेतली. पूर्वेला पायवाट, पश्चिमेला तुझ्या अब्बांची कबर, उत्तरेला लिंब, दक्षिणेला मोकळी जागा. सगळे मूठ-मूठ माती देत होते आणि माझी पाळी आली तेव्हा मी मोजणीला आल्यासारखा खड्ड्याचे कोपरे बघत उभा होतो. तुझ्या भावानं, युनूसभाईंनी, माझं कोपर धरलं. "दत्ताभाऊ, माती द्या." मी दिली.

तुझ्या शाळेच्या अंकात तुझ्यावर लिहा, असं मला सांगण्यात आलं. तुझा जन्म, तुझी नोकरी, तुझ्या हाताखालून गेलेली मुलं, हे दुसरं कुणीतरी नीट लिहील. मला ते जमणार नाही आणि मला त्यात रसही नाही. आपलं एक बोलणं मध्येच तुटलं. ते कुठवर आलं होतं आणि तू गेल्यावर त्याचं काय झालं, एवढं तुला सांगायचं आहे.

सादियाला अंबाजोगाईला मेडिकलची जागा मिळाली होती आणि पुण्याला भौतिकशास्त्रालाही. तुझ्या लेकीला पुणं हवं होतं. हे विश्व कधी आणि कसं सुरू झालं, कुठवर पसरलंय, पुढं त्याचं काय होणार, हे तिला शिकायचं होतं. दोन्हीकडच्या मुदती आठवड्यावर आल्या होत्या. तू अडकलास आणि मला विचारलंस. मी उत्तर देण्याआधी तू निघून गेलास.

तू मला विचारावंस, हेच खरं तर विनोदी होतं. मी मोजणी खात्यातला माणूस. जिथं जमीन आहे तिथं बांध आहे, आणि बांधाच्या पलीकडं कुणीतरी आहे, यावर माझं पोट चालतं. नांदूरघाटच्या शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासून तू वर बघायचास आणि मी खाली. पुढं तू माजलगावला सायन्सचा मास्तर झालास, माझी बदली तिथंच झाली, आणि दर रविवारी दुपारनंतर युनूसभाईंच्या फळाच्या दुकानासमोर चहा घेताना आपलं भांडण सुरू झालं. ते मिटलं नाही. मिटवायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

माझं म्हणणं साधं होतं. कोणतंही खरेदीखत घे, त्यात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. चतुःसीमा नसेल तर ती जमीनच नव्हे. मग तुझ्या विश्वाच्या पूर्वेला कोण?

"कुणी न्हाई," तू म्हणायचास. "विश्वाला शेजारी नाही. म्हणून बांध नाही."

"आणि वाढतंय म्हणतोस ते कुठं वाढतंय? कुणाच्या हद्दीत शिरतंय?"

"अबे, हद्दच नाही तर शिरंल कुठं? दगड जागच्या जागी हायत. दोन दगडांच्या मधली जमीन वाढतीय."

"ती वाढीव जमीन कुणाच्या नावावर?"

"तुझ्या सासऱ्याच्या."

युनूसभाई मोसंबीचा ढीग लावता लावता हसायचे. म्हणायचे, "दोघं बी येडे हायत. एकाला जमीन पुरंना, दुसऱ्याला आभाळ."

आकड्यांवरून मात्र तू मला सुटू दिलं नाहीस आणि मी तुला. विश्वाचं वय तेरा अब्ज ऐंशी कोटी वर्षं. हे मी मान्य केलं, कारण तू ते कशावरून काढलं ते दाखवलंस. मग तू म्हणालास, दिसणाऱ्या विश्वाची कड आपल्यापासून शेहेचाळीस अब्ज प्रकाशवर्षांवर आहे. मी चहाचा कप खाली ठेवला. उजेडापेक्षा वेगानं काही जात नाही, हे तूच सांगितलं होतंस. तेरा अब्ज वर्षं चाललेला उजेड शेहेचाळीस अब्जांवरून कसा येतो? "कुणाची तरी मोजणी चुकली," मी म्हणालो. तू पेपराच्या कडेवर रेघा मारल्यास. उजेड चालत असताना त्याच्या मागची जमीन वाढत राहते. तो निघाला तेव्हा ते ठिकाण जवळ होतं, आज ते लांब गेलं. मला रेघा कळल्या. पटलं नाही. घरी जाऊन पुन्हा मांडून बघितलं, तरी पटलं नाही. तू घरी सांगायचास म्हणे, दत्त्याला शेहेचाळीस पटलं की मी रिटायर होणार. भाभींनी हे मला परवा सांगितलं.

तू गेलास म्हणून मला ते पटलं, असं इथं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण ते खोटं होईल. मला अजून पटलेलं नाही.

आरंभावरून तर आपण हातघाईवर यायचो. मी विचारायचो, त्या आधी काय होतं? तू म्हणायचास, आधी असं काही नव्हतंच, काळ तिथूनच सुरू.

"माजलगावचं धरण बांधायच्या आधी धरणाच्या भिंतीवर कोण बसायचं, सांग."

"कुणी नाही. पण जागा तर होती?"

"इथं जागा बी नव्हती."

"मग बांधकाम कुठं झालं, रशीद?"

यावर तू म्हणालास, "हे मला बी कळत नाही. पण तुझ्यामुळं कळत नाही असं समजू नको."

आणखी एकदा मी म्हणालो होतो, तिथं कुणी बघायला नव्हतं, पंचनामा नाही, साक्षीदार नाही, मग आरंभ झाला हे ठरवलं कुणी? तेव्हा तू मला माझ्याच कामात पकडलंस. "हद्दीचा दगड हरवला, रोवणारा मेला, तर तू काय करतोस?" मी म्हणालो, उरलेले दगड शोधतो. त्यांच्यापासून मापं घेतो. मापं जिथं मिळतात तिथं हरवलेला दगड असणार. "साक्षीदार?" नाही लागत. "मग?" तू एवढंच म्हणालास आणि चहाचे पैसे मला द्यायला लावलेस.

शेवटाबद्दल तू फार बोलायचा नाहीस. एकदाच बोललास, आणि त्या दिवशी मी तुझ्यावर खरंच चिडलो. तू म्हणालास, हे असंच पसरत राहील. तारे एक एक करून विझतील. नवे होणार नाहीत. सगळं एकमेकांपासून इतकं लांब जाईल की कुणाला कुणाचा उजेड दिसणार नाही. थंड आणि काळं, आणि त्यालाही अंत नाही. मी म्हणालो, मग एवढा पसारा केलाच कशाला? तू पाच वेळा नमाज पढणारा माणूस, तू तरी असं बोलू नकोस. तू शांतपणे म्हणालास, "नमाजेत मी सायन्स विचारत नाही, आणि वर्गात नमाज पढत नाही. मला दोन्हीकडं जावं लागतं, दत्त्या." मग मला बरं वाटावं म्हणून असेल, पण तू एक गोष्ट सांगितलीस जी मी विसरणार नाही. लई पुढं एक काळ असा येणार आहे, की तेव्हाच्या मास्तराला आकाशात आपलीच आकाशगंगा दिसेल. बाकीच्या नजरेपल्याड गेलेल्या असतील. विश्व वाढतंय, त्याला आरंभ होता, याचा पुरावाच उरलेला नसेल. तो मास्तर प्रामाणिक असेल, हुशार असेल, आणि पोरांना चुकीचं शिकवेल. "आपण टायमावर आलो बे," तू म्हणालास. "अजून दिसतंय तोवर."

आता सादियाचं.

आपल्याकडं लेकराला मेडिकलला नंबर लागला की पेढे आधी वाटतात आणि लेकराला नंतर विचारतात. युनूसभाईंनी त्याच्याही पुढं जाऊन दुकानाच्या वर फ्लेक्स लावला. 'डॉ. सादिया हिचे हार्दिक अभिनंदन.' खाली तुझा फोटो, निळ्या शर्टातला, शाळेच्या स्नेहसंमेलनातला. मुलीनं प्रवेश घेतलेला नव्हता, हो म्हटलेलं नव्हतं. पण फ्लेक्सवर ती डॉक्टर होऊन बसली होती. रस्त्यानं जाणारे तुला हात करून 'डॉक्टरचे अब्बा' म्हणायला लागले. तू त्या फ्लेक्सखाली बसायचं टाळलंस. म्हणून त्या रविवारी आपण दुकानासमोर न बसता धरणाच्या कडेला गेलो.

पाणी खाली गेलेलं होतं. काठाचा चिखल वाळून तडकला होता. आपण काठावर बसलो. मग तू म्हणालास, "तिनं डॉक्टर व्हावं, असं मला बाप म्हणून वाटतं. मास्तर म्हणून वाटत नाही. यातला मोठा कोण ते मला कळंना झालंय. तू मोजून सांग."

मी म्हणालो, "मोजायचं काय त्यात? मेडिकलची जागा सोडून कुणी आभाळ बघायला जातं का? इथं किती लोकांना डॉक्टर मिळत नाही, आणि किती लोकांना आकाशगंगा मिळत नाही?"

"हे तुझं मत झालं," तू म्हणालास. "मी तुझं मत नाही विचारलं. मी विचारलं, माझ्यातला कोण मोठा. तू मला लहानपणापासून बघतोयस. काहून टाळतो?"

खरं होतं. प्रश्न वेगळा होता. मी दोन दिवस मागितले. मी मापं घेतल्याशिवाय दगड दाखवत नाही, हे तुला माहीत होतं. तू हसलास. "घे. फक्त लवकर सांग, तिकडं पोरगी जेवत नाही."

दुसऱ्याच दिवशी सकाळी तुझ्या छातीत दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि लगेच अंबाजोगाईला हलवायला सांगितलं. युनूसभाई गाडी चालवत होते, मी पुढं बसलो, तू मागं सादियाच्या मांडीवर डोकं ठेवून. तेलगाव गेलं तेव्हा तू बोलत होतास. काच खाली करा म्हणालास. धारूरच्या घाटात मी मागं वळून बघितलं तेव्हा सादियाचा हात तुझ्या छातीवर होता आणि ती काही म्हणत नव्हती. मीही युनूसभाईंना काही म्हणालो नाही. ते जोरात गाडी चालवत होते. त्यांना तसंच चालवू द्यावंसं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानावर, पहिल्याच्या खाली, श्रद्धांजलीचा दुसरा फ्लेक्स लागला. फोटो तोच, निळ्या शर्टातला. छापणाऱ्याकडं तोच एक होता. नुसती वरची अक्षरं बदलली होती. मी त्या रस्त्यानं जाणं बंद केलं आहे.

तिसऱ्या दिवशी तुझी जियारत झाल्यावर युनूसभाईंनी मला थांबवून घेतलं. तुझ्याच पुढच्या खोलीत. भाभी इद्दतीत, नवरा गेल्यावरच्या एकांतात, म्हणून आतल्या दाराच्या पडद्याआड बसल्या. सादिया भिंतीला टेकून खाली बसली होती. युनूसभाईंचा आवाज बसला होता.

"दत्ताभाऊ, घरात विचारलं की रशीद म्हनायचा, बघू. आमाला काही बोलला न्हाई. तुमच्याशी बोलला असंल. जे बोलला ते सांगा. तो म्हनला तसंच करू. अभिनंदनाच्या फ्लेक्सचं काय, फाडून टाकू."

तुला सांगतो, त्या क्षणी मला मोह झाला. 'रशीद मेडिकल म्हणाला' एवढे तीन शब्द. माझंही मत तेच होतं, घराचंही भलं होतं, आणि खोडून काढायला तू नव्हतास. पण मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मेलेल्या बापांच्या नावानं असं बोलणारी माणसं बांधावर उभी बघितली आहेत. 'अण्णा म्हणाले होते, दगड इथंच होता.' मी त्यांना कधी जुमानलं नाही.

म्हणून मी तू जे म्हणालास ते शब्दाला शब्द सांगितलं. बाप म्हणून असं, मास्तर म्हणून तसं. मग युनूसभाई म्हणाले, "मग? मोठा कोन?"

मी उरलेले दगड मोजले, रशीद. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. बापाच्या बाजूला: तू तिला लातूरला क्लासला ठेवलंस, दर आठवड्याला डबा घेऊन एसटीनं गेलास, तिचा नंबर लागल्यावर तू घरात रडलास. मास्तराच्या बाजूला: ग्रहणाच्या दिवशी आख्खं गाव दारं लावून बसायचं तेव्हा तू बुटांच्या खोक्यांना भोकं पाडून पोरांना शाळेच्या मैदानात उभं करायचास, लोक शिव्या द्यायचे तरी पुढच्या ग्रहणाला पुन्हा उभं करायचास. सादियाला अक्षरं यायच्या आधी तारे दाखवलेस. आणि माझ्यासारख्या माणसाला, ज्याला पटायचं नव्हतं त्याला, इतकी वर्षं दर रविवारी तेच न कंटाळता समजावलंस. बाप तर सगळेच असतात. हे कुणी करत नाही.

"मला विचाराल तर मी मेडिकलच म्हणेन," मी म्हणालो. "पण तुम्ही रशीदचं विचारलंत. रशीदमधला मास्तर मोठा होता. त्यानं शेवटी तिला पुण्याला पाठवलं असतं."

युनूसभाईंनी मान हलवली. त्यांना हे आवडलं नव्हतं, पण दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. "ठीक. मग पुनं. मी फ्लेक्स काढतो." पडद्याआडून भाभी म्हणाल्या, "मेरे कू कुछ नै बोलना. बच्ची खाना खा ले, बस."

मला वाटलं सादिया रडेल, किंवा उठून आत जाईल. ती तशीच बसून राहिली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "काका, अब्बा कोण होते ते तुम्ही बरोबर मोजलं. पण मला कुणी विचारलं का?"

"तुला पुणंच पाहिजे होतं ना बेटा?" युनूसभाई म्हणाले.

"होतं."

"मग?"

"मी अंबाजोगाईला जाणार."

युनूसभाई तिच्याजवळ सरकले. म्हणाले, आमच्यासाठी करू नको, लोकांसाठी करू नको, भिऊन तर काहीच करू नको. ती म्हणाली, भिऊन नाही. तिचा आवाज तुझ्यासारखा आहे, हे आधी कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. वर्गात शिकवताना असतो तसा, सपाट आणि स्पष्ट.

"तेरा अब्ज ऐंशी कोटी वर्षांपूर्वी पहिल्या काही मिनिटांत काय झालं ते मला सांगता येतं, काका. अब्बांनीच शिकवलं. आणि त्या दिवशी घाटात, माझ्या हाताखाली, अब्बांच्या छातीत काय चाललंय ते मला सांगता येत नव्हतं. एवढी जवळची गोष्ट. माझा हात होता तिथं."

याचं उत्तर तुझ्याकडं असतं का, मला माहीत नाही.

मी एकदा प्रयत्न केला. म्हणालो, सादिया, डॉक्टर तिथं असता तरी कदाचित काही झालं नसतं. ती म्हणाली, "कदाचित. पण मला कळलं असतं." कळणं एवढंच तुम्हा बापलेकीला हवं असायचं. ते तिच्यातून गेलं नाही, फक्त वरून खाली आलं. असं मी स्वतःला समजावतो. ते पूर्ण खरं नाही. जायचं होतं तिथं ती गेली नाही, हे त्यानं भरून निघत नाही.

अंबाजोगाईला तिला सोडायला युनूसभाई आणि मी गेलो. गादी, बादली, एक पेटी. तिची आकाशाची पुस्तकं तिनं घरीच कपाटावर ठेवली. एक तरी ने, मी म्हणालो. ती म्हणाली, तिथं ती उघडली तर डॉक्टरकीचं होणार नाही. अठरा वर्षांच्या पोरीनं इतकं नीट ठरवलेलं बघून मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. मला धसका वाटला. वसतिगृहाच्या फाटकात तिनं आम्हा दोघांना सलाम केला आणि मागं न बघता आत गेली. परतताना युनूसभाईंनी घाटात गाडी हळू केली. आम्ही दोघंही बाहेर बघत राहिलो.

तर रशीद, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं, पण तू ऐकायला नव्हतास, आणि जिच्यासाठी ते दिलं तिला त्याचा उपयोग झाला नाही. उत्तर बरोबर होतं, याबद्दल मला शंका नाही. बरोबर असलेलं उत्तर असं कोरडं पडून राहतं, हे मला या वयात पहिल्यांदा कळलं.

रविवार आता घरीच जातो. बायको म्हणते, जरा बाहेर जाऊन या. कुठं जाऊ? आपलं भांडण माझ्या एकट्याकडं राहिलं आहे. एकट्यानं भांडायचं तर दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. तुझी बाजू मी मांडून बघतो, तर तुझ्या तोंडून ती जशी सरळ यायची तशी माझ्या तोंडून येत नाही. मध्येच अडकतो आणि पुढचं वाक्य तुला विचारावंसं वाटतं.

आणि एक शेवटचं. मला हवं होतं तेच झालं. तुझी मुलगी डॉक्टर होणार. मी म्हणत होतो तसंच. आपल्या इतक्या वर्षांच्या भांडणात ही एकच गोष्ट मी जिंकलो, आणि मला ती परत द्यायची आहे. ती घेणारं माणूस या विश्वात, त्याला कड असो की नसो, मला सापडत नाही.